पत्ता : बीडीडी चाळ, वरळी

इंटरनेटला माणूस कळत नाही, पत्ता कळतो. आपण काहीही उघडलं की आपल्या जोडणीचा आकडी पत्ता समोरच्याला दिसतो आणि त्यावरून आपण कुठल्या देशात बसलोय हे तो ठरवतो. सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या सेवांचं तर सगळं गणितच यावर. हक्क देशवार विकलेले असतात, भारताचे एकाला, अमेरिकेचे दुसऱ्याला.

यावर लोकांनी व्हीपीएनची वाट काढली. म्हणजे बोगदाच. न्यू जर्सीतून निघालेली मागणी आधी मुंबईतल्या एखाद्या मशीनपर्यंत गुपचूप जाते आणि तिथून बाहेर पडते. समोरच्याला पत्ता दिसतो मुंबईचा! नेटफ्लिक्स ६ जानेवारी २०१६ ला भारतात आलं आणि आठवडाभरानं त्यांनी हे बोगदे बंद करणार असं जाहीर केलं. व्हीपीएनवाल्यांची मशीनं बहुतेक डेटा सेंटरांत असतात आणि त्या सेंटरांचे पत्ते ठाऊक असतात. शिवाय एकाच पत्त्यावरून शेकडो जण मालिका बघायला लागले की संशय येणारच. त्याच जूनमध्ये हरिकेन इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे फुकट बोगदे वापरणारेही अडकले. त्यातल्या पुष्कळांना देश लपवायचाच नव्हता. त्यांचा नेटवाला आयपीव्ही६ चे नवे पत्ते देत नव्हता, म्हणून ते असे घेतले होते. सुक्याबरोबर ओलंही जळतं, दुसरं काय.

हे सगळं मला कळायचं कारण माझी आई आणि तिची रात्री आठची मालिका. धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिकडे तेव्हा सकाळचे साडेदहा, थंडीत साडेनऊ. दोघी फोन चालू ठेवून एकाच वेळी मालिका बघायच्या. बोलायच्या फारसं नाहीत. मध्येच आई "बघितलंस का, कशी बोलली सासूला?" म्हणायची आणि पलीकडून "हो ना!" यायचं. बाबा गेल्यानंतर आईचा दिवस त्या अर्ध्या तासाभोवती फिरायला लागला होता, म्हणून मीही त्यात लक्ष घातलं.

मग २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी यंत्रणेचा आदेश आला, की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवावेत. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपली भारतातली मशीनंच काढून घेतली. पुढे भारतीय पत्ता मिळे, पण मशीन सिंगापुरात! थोड्याच दिवसांत बहिणीच्या पडद्यावर पाटी आली, कृपया व्हीपीएन बंद करा. (सेवेचं नाव घेत नाही, कुणी दुसरं असतं तरी हेच झालं असतं.)

तेव्हा भाच्यानं डोकं लढवलं. म्हणाला, मामा, बोगदा विकत कशाला घ्यायचा, आपल्याच खोलीत काढू. जुना लॅपटॉप खोलीत ठेवायचा आणि मावशीऐवजी... म्हणजे त्याच्या आईनं त्यातून बाहेर पडायचं. पत्ता खऱ्या घराचा, यादीत नसलेला. पण जमेना. आमचा केबलवाला सगळ्या मजल्याला मिळून एकच पत्ता वापरायचा. म्हणजे चाळीचा नंबर आहे पण खोलीचा नाही. खोलीतून बाहेर जाता येतं, बाहेरून आमची खोली सापडत नाही. शेवटी महिन्याला थोडे जास्त देऊन वेगळा पत्ता घेतला आणि १६० चौरस फुटांच्या खोलीत, आईच्या शिवणाच्या मशीनखाली, न्यू जर्सीचा बोगदा उघडला. सेवेच्या नियमांत हे बसत नाही, हे उघड आहे. पण वर्गणी मी भरत होतो, आणि आई-मुलीनं एक मालिका एकत्र बघण्यात कुणाचं काय बुडालं ते मला अजून समजलेलं नाही.

वरळीला याचं नवल वाटावं तरी कसं? मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते इथूनच, २ ऑक्टोबर १९७२ ला. लहर पोचेल तिथवर चित्र दिसे. ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्या दारात सगळा मजला. तू कुठल्या खोलीतला, असं कुणी विचारत नसे.

विचारलं म्हाडानं, पुनर्विकासाच्या वेळी. पात्रतेसाठी कागदांची चळत काढावी लागली, आणि आईनं एकेक पावती जपून ठेवली होती म्हणून निभावलं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमचा नंबर यायचाय. चाळ रिकामी केली आणि आम्ही संक्रमण शिबिरात आलो. इथला नेटवाला वेगळा पत्ता देत नाही. लॅपटॉप कपाटावर पडून आहे.

फोनवरून स्क्रीन दाखवायचा प्रयत्न केला तर मालिकेच्या जागी काळी चौकट, आवाज तेवढा येतो. तीही सोय करून ठेवलीय त्यांनी. आता आई आठ वाजता व्हिडिओ कॉल लावते आणि फोन टीव्हीसमोर पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवते. चित्र हलतं, पंख्याचा आवाज येतो, अर्धं दिसत नाही. दिसत नाही ते आई सांगते. "आता ती दारातून आली बघ. हिरवी साडी आहे. नाही गं, सून नाही, जाऊ."