दुबार नावांच्या मागावर

शनिवार, 22 नोव्हेंबर 2025, गोरेगाव
महापालिकेची प्रारूप मतदार यादी परवा लागली. मुंबईत दुबार नोंदी सुमारे 11 लाख, त्यांमागची माणसं सव्वाचार लाखांच्या वर. ताडून बघायला विधानसभेची यादी उतरवून घेतली. ती पीडीएफ, तीही चित्ररूप. आत नाव शोधता येत नाही. शोधता येईल अशी यादी द्या, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केली नाही. अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने रफार खाल्ला आणि सूर्यकांतचा ‘सुयकांत’ केला. दिवस दुरुस्तीत गेला.

रविवार, 23 नोव्हेंबर
नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, लिंग अशी जुळणी लावली. सगळं तंतोतंत जुळलेली एक जोडी घेऊन जोगेश्वरीत गेलो. निघाले दोन वेगळे गृहस्थ. एकाचं पानाचं दुकान, दुसरे बेस्टमधून निवृत्त. त्याच चाळीत एक ताई म्हणाल्या, “माझं नाव भांडुपलाही आहे की, माहेरचं. ते काढायला फॉर्म भरावा लागतो, हे कुणी सांगितलंच नाही.” लग्नानंतर नाव, मधलं नाव, आडनाव सगळंच बदललेलं. प्रोग्रामला त्या सापडणं शक्यच नव्हतं.

मंगळवार, 25 नोव्हेंबर
‘एवढ्या-तेवढ्या नावांनी काय होतं?’ म्हणणाऱ्या मित्राला मुंबई उत्तर पश्चिमचा 2024 चा लोकसभेचा निकाल दाखवला. मतदान यंत्रांवर अमोल कीर्तिकर 1 मताने पुढे: 4,51,095 विरुद्ध 4,51,094. टपाली मतं रवींद्र वायकरांना 1,550, कीर्तिकरांना 1,501. वायकर 48 मतांनी विजयी. ‘नोटा’लाच 15 हजारांवर मतं होती.

रात्री अमेरिकेतल्या दुबार मतदानावरचा 2020 चा शोधनिबंध वाचला. तिथे राज्याराज्यांच्या याद्या नाव आणि जन्मतारखेवरून जुळवत. त्यावरून नावं काढण्याची एक पद्धत संशोधकांनी तपासली: एक दुबार मत रोखताना सुमारे 300 खरी मतं अडली असती. आपल्या यादीत तर जन्मतारीखही छापत नाहीत, नुसतं वय.

शनिवार, 29 नोव्हेंबर
हरकतींसोबत जोडायच्या तक्त्यातला ‘वगळावे’ हा रकाना काढून टाकला. ‘घरी जाऊन तपासावे’ असा नवा घातला. संगणकाने संशय घ्यावा, नाव मात्र बीएलओने, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, दार वाजवून, माणसाला विचारूनच कापावं. आणि आपणही थोडं करावं: घर बदललं असेल तर 8 नंबरचा फॉर्म भरा, जुन्या पत्त्यावरचं जादा नाव काढायचं असेल तर 7 नंबरचा.