बेचाळीस शिखरांचें ऋण

डोंगर चढून आलों असें आपल्याकडे कोणी सांगितलें, कीं 'वर कोणतें देऊळ आहे?' हा प्रश्न ठरलेलाच. इंग्लंडच्या वायव्येस लेक डिस्ट्रिक्ट म्हणून जो सरोवरांचा व डोंगरांचा प्रांत आहे, तेथील माथ्यांवर देऊळ नाहीं. असलाच तर दगडांचा एक ढीग असतो. चोवीस तासांत असे बेचाळीस माथे गांठून परत यावयाचें, असें एक व्रत तेथें आहे. २०२२ च्या जून महिन्यांत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, मीं तें केलें. पुण्याहून आई फोनवर म्हणाली, "अरे, तुला त्या डोंगरांवर कोणी आमंत्रण दिलें आहे का?" या प्रश्नाला माझ्यापाशीं आजहि उत्तर नाहीं, परंतु त्या चोवीस तासांत जें पाहावयास मिळालें, तें वाचकांना सांगण्याजोगें आहे असें वाटतें.

तेथील लोक डोंगराला 'फेल' म्हणतात. शब्द जुना आहे, नॉर्स लोकांनीं आणलेला. आमच्या विद्यार्थी वाचकांनीं त्याचा परीक्षेशीं संबंध लावूं नये. या फेरीला बॉब ग्रॅहम यांचें नांव आहे. केझिक गांवांत प्रवाशांसाठीं अतिथिगृह चालविणारे हे गृहस्थ १९३२ च्या जूनमध्यें, वयाची चाळिशी उलटल्यावर, बेचाळीस शिखरें २३ तास ३९ मिनिटांत फिरून आले. अंतर सुमारें ६६ मैल, आणि चढण एकंदर २७,००० फूट. म्हणजे पायथ्यापासून सिंहगड एका दिवसांत तेरा-चौदा वेळां चढावा, तशी. पुढें अठ्ठावीस वर्षें ती कोणालाहि साधली नाहीं. १९६० मध्यें ॲलन हीटन यांनीं ती पुन्हां केली व १९७१ मध्यें फेरीचें मंडळ निघालें. किलियन जोर्नेट यानें २०१८ मध्यें ती १२ तास ५२ मिनिटांत केली. पण अशा वीरांशीं आम्हां संसारी माणसांचा संबंध नाहीं.

यांत पदक नाहीं, बक्षीस नाहीं, समोर प्रतिस्पर्धीहि नाहीं. मंडळाचा एक नियम मात्र मोठा मार्मिक आहे. प्रत्येक माथ्यावर धांवणाराबरोबर एक तरी सोबती असलाच पाहिजे. एकट्यानें गांठलेलें शिखर हिशेबांत धरीत नाहींत. नियम मुळांत साक्षीसाठीं केलेला. परंतु त्यामुळें हें काम एकट्याच्या पराक्रमाचें राहिलेंच नाहीं. वाटेंत चार ठिकाणीं रस्ता लागतो, म्हणून फेरीचे पांच टप्पे पडतात, व दर टप्प्याला नवे सोबती येतात. माझ्यासाठीं नऊजणांनीं आपला शनिवार-रविवार दिला. एक वाट दाखवी, दुसरा माझें खाणेंपिणें पाठीवर वाही, तिसरा प्रत्येक माथ्यावरची वेळ वहींत टिपी. मला धांवण्याखेरीज काम नव्हतें.

शनिवारीं सायंकाळीं सात वाजतां केझिकच्या मूट हॉलच्या दारांतून आम्ही निघालों. स्किडॉ व ब्लेन्कॅथ्रा हे डोंगर संधिप्रकाशांत झाले; हेल्व्हेलिनची लांब धार रात्रीं, डोक्यावरच्या दिव्यांच्या उजेडांत. पहांटें चारच्या सुमारास डनमेल रेझच्या रस्त्यावर उतरलों, तेव्हां पंधरा शिखरें मागें पडलीं होतीं.

तिसरा टप्पा सर्वांत लांब; त्यांतहि पंधरा शिखरें. बोफेलच्या जवळ दाट धुकें आलें, आणि ओल्या खडकावरून आमचे वाटाडे घसरले. हे एक निवृत्त शाळामास्तर. ती वाट त्यांच्याइतकी आम्हां कोणालाच ठाऊक नव्हती. पाहतां पाहतां त्यांचा घोटा सुजला. सोबतीला दोघेंच राहिलीं : एक सुतार आणि एक तरुण परिचारिका. मास्तरांना एकट्यानें खालीं धाडणें अशक्य. सुतार त्यांना घेऊन लँगडेलच्या दरीकडे उतरणार हें ठरलें; राहिली ती मुलगी, व तिनें ती वाट दोनदांच पाहिलेली. मी खडकावर बसलों व म्हणालों, "मीहि तुमच्याबरोबर खालीं येतों. डोंगर कोठें पळून जात नाहींत."

मास्तर रागावले. म्हणाले, "माझ्या वेळीं याच धुक्यांतून स्लेटच्या खाणींतल्या एका कामगारानें मला हाताला धरून नेलें. त्याला मीं काय परत दिलें? कांहीं नाहीं. तो आतां धांवत नाहीं, मग देऊं कोणाला? तुला देतों आहें. ऊठ."

पितृऋण पित्याला परत करावयाचें नसतें, पुढच्या पिढीकडे फेडावयाचें असतें, हें लहानपणीं ऐकलेलें. त्याचा असा रोकडा अर्थ कोणा परदेशस्थ मास्तराकडून, सुजल्या पायाकडे पाहत, ऐकावयास मिळेल असें वाटलें नव्हतें. मी उठलों. त्या मुलीनें होकायंत्र हातांत घेतलें आणि दर शंभर पावलांनीं थांबून, नकाशा पाहून, ती मला स्काफेल पाइकवर घेऊन गेली. हें इंग्लंडचें सर्वांत उंच शिखर, ३,२०९ फूट. आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडें अधिक. उंचीवरून डोंगराची परीक्षा करूं नये, हें तेथील दगडधोंड्यांवर पाय ठेवल्याशिवाय कळत नाहीं.

वॉसडेलला उतरलों तेव्हां ठरल्या वेळेपेक्षां पंचवीस मिनिटें मागें होतों, व पोटांत गोड कांहीं ठरत नव्हतें. सौ. रस्त्याच्या कडेला मोटारींतून डबा काढून उभी. मऊ भात, मेतकूट, वर तूप. "अहो, बोलूं नका, आधीं चार घांस खा," एवढेंच ती म्हणाली. पुढचा यूबॅरोचा उभा चढ मीं त्या चार घांसांवर चढलों, असें माझें प्रामाणिक मत आहे. पिलर, ग्रेट गेबल, होनिस्टरची खिंड : तेथून पुढचें फारसें आठवत नाहीं. शेवटचें शिखर रॉबिन्सन. त्यानंतर गांवापर्यंत रस्ता, आणि दोन्हीं बाजूंस माझ्या चालीनें धांवणारे दोघे मित्र; तीं पावलें मला स्पष्ट आठवतात.

मूट हॉलच्या दाराला हात लावला तेव्हां २३ तास ४१ मिनिटें झालीं होतीं. पायरीवर मास्तर पाय पट्टींत बांधून बसले होते. त्यांनीं वही मागितली, बेचाळीस नोंदी एकेक करून तपासल्या, व "चौतिसाव्याची वेळ नीट वाचतां येत नाहीं," अशी तक्रार केली.

येत्या जूनमध्यें ती परिचारिका निघणार आहे. थ्रेलकेल्डपासून डनमेलपर्यंतचा रात्रीचा टप्पा माझ्याकडे आहे : बारा शिखरें, आणि तिचें खाणेंपिणें माझ्या पाठीवर. मेतकूट तिला चालतें का, हें सौ.नें आतांच विचारून ठेवलें आहे.