मत दिले, की दिल्यासारखे वाटले?

पैसे भरण्याच्या स्लिपवर रोखपालाचा शिक्का उमटल्याखेरीज जुना खातेदार खिडकीसमोरून हलत नसे. मागे रांग खोळंबली तरी चालेल; अर्धी पावती शिक्क्यानिशी हाती आली म्हणजेच रक्कम जमा झाली, हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. ऑनलाइन मत देणाऱ्याला असा शिक्का पडद्यावर नेमका कुठे दिसतो, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु त्यावाचून अनेकांचे मत वाटेतच राहून गेले आहे.

बेन अदिदा यांनी २००८ मध्ये ‘हेलिओस’ नावाचे ऑनलाइन मतदानाचे साधन पुढे आणले. मत सांकेतिक लिपीत बंद करायचे, तरीही मतदाराला ते मोजले गेल्याची खातरजमा करता यावी, अशी त्याची रचना. गणिताच्या दृष्टीने ती वाखाणण्याजोगीच आहे. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१४ मध्ये हेलिओस आणि त्याच जातीच्या आणखी दोन पद्धती सामान्य मतदारांच्या हाती दिल्या. मतदार होते ३७. तिन्ही पद्धती मिळून यशस्वीपणे पडलेली मते निघाली अवघी ५८ टक्के. हेलिओसमध्ये उमेदवार निवडून झाले की मत सांकेतिक होई आणि पडद्यावर अक्षरे व अंक यांची एक लांबलचक ओळ उमटे. ती ओळ पाहून अनेकांना वाटले, झाले काम! वस्तुतः त्यानंतर ओळख पटवून मत पेटीत टाकण्याची पायरी शिल्लकच होती. चेक लिहिला, सही केली, पण खात्यात भरलाच नाही, असा हा प्रकार.

येथे मतदाराला अडाणी ठरवणे सोपे आहे. मोठ्या अक्षरांच्या सद्हेतूनेही घोटाळा होतो, हे अमेरिकेनेच २००० साली पाहिले. फ्लोरिडातील पाम बीच परगण्यात वयोवृद्धांना वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी केली. नावे एका पानावर मावेनात, तेव्हा ती समोरासमोरच्या दोन पानांवर छापून भोके मधोमध ठेवली. डावीकडच्या यादीत गोर यांचे नाव दुसरे, पण दुसरे भोक मात्र उजव्या पानावरच्या ब्युकॅनन यांचे. सुमारे १९ हजार मतपत्रिका एकाहून अधिक भोके पडल्याने बाद झाल्या. राज्याचा निकाल लागला ५३७ मतांनी. तो कागद आधी दहा-वीस आजीआजोबांपुढे ठेवून पाहिला असता, तर ही गोम छपाईपूर्वीच लक्षात आली असती.

वापरसुलभतेची चाचणी म्हणतात ती एवढीच. मतदाराला आधी एक यादी द्यायची, कोणाला मत द्यायचे ते ठरवून द्यायचे आणि मग शेजारी गप्प बसायचे. गप्प बसणे हाच यातला सर्वांत अवघड भाग. समोरच्या माणसाचे बोट चुकीच्या बटणाकडे वळले की चाचणी घेणाऱ्याच्या तोंडून ‘तिकडे नाही हो’ निघू पाहते. ते निघाले की चाचणी संपली. कारण प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी शेजारी कोणी नसणार. अखेरीस यादी आणि नोंदलेले मत ताडून पाहायचे. मतदार खूश होता की नव्हता, हे त्यानंतर. खुशीवर भिस्त ठेवू नये, असे म्हणण्यास आधार आहे. राइसमध्येच २००७ मध्ये सादर झालेल्या सारा एव्हरेट यांच्या संशोधनात शेवटच्या पडताळणीच्या पडद्यावर मते मुद्दाम बदलून दाखवली होती. निम्म्याहून अधिक मतदारांच्या ते ध्यानातही आले नाही.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येत नाही. घरोघरी शेअर आहेत, आणि २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १०८ नुसार सूचीबद्ध कंपन्यांना भागधारकांस ई-मतदानाची सोय द्यावी लागते. खिडकी किमान तीन दिवस उघडी राहते आणि सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी पाच वाजता बंद होते. ठरावापुढे संमती वा असंमती निवडायची, शेअरची संख्या पाहायची, ‘सबमिट’ दाबायचे आणि मग विचारले असता ‘कन्फर्म’ही. हेलिओसचा खड्डा तो हाच! शिवाय एकदा दिलेले मत बदलता येत नाही. पूर्वी तर पासवर्ड ज्या फाइलमध्ये येई, ती उघडण्यासही वेगळा पासवर्ड लागे. सेबीने ९ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकाने डीमॅट खातेदाराला निराळ्या नोंदणीवाचून आपल्या खात्यातूनच मतदानापर्यंत जाण्याची वाट करून दिली, हे योग्यच झाले.

तरीही व्यापारी घरांत जे घडते ते कोणत्याही चाचणीच्या तक्त्यात येत नाही. कोऱ्या चेकवर जन्मात सही न केलेले वडील फोनवर आलेला ओटीपी मुलाला मोठ्याने वाचून दाखवतात. आईच्या नावावरचे शेअर तर तिच्या न कळत मत देऊन मोकळे होतात. मुलगा सचोटीचाच असतो. पण संचालकांच्या मानधनाच्या ठरावावर आईचे म्हणणे काय, हे त्याने विचारलेले नसते. पडदा अवघड असला की मालकाचा हक्क असा गुपचूप हाताळणाऱ्याकडे जातो, आणि नोंद मात्र बिनचूक दिसते. संगणकाच्या लेखी मत पडले.

म्हणून चाचणीस बसवायचे ते मुलाला नव्हे, आईला. तिच्याच फोनवर, तिच्याच चष्म्यानिशी. ओटीपीचा संदेश वाचण्यासाठी ती मतदानाच्या पानावरून बाहेर जाईल, अंक पुटपुटत परत येईल, तोवर पान ‘वेळ संपली’ म्हणत असेल. किती मिनिटांत ती परतली, दुसऱ्यांदा आली का, की फोन उलटा ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली, एवढे टिपून घ्यायचे.