रमाबाईंचे दोन कप्पे

पुणे

चि. ठमे,


लेखाचा मसुदा पोचला. भाषा छान आहे, पण मांडणीशी माझं भांडण आहे. पंडिता रमाबाईंच्या पुस्तकांचे तू सरळ दोन कप्पे करून टाकलेस. १८८९ पर्यंतची सुधारक बाई एकीकडे आणि त्यानंतरची धर्मप्रचारक बाई दुसरीकडे. पहिली तुला आवडते, दुसरीची अडचण होते. महाराष्ट्राने त्यांच्याशी वर्षानुवर्षं हेच केलं, म्हणून तुझ्यावर रागावत नाही. पण ‘स्त्रीस्वातंत्र्य’ या कप्प्यातून श्रद्धा वगळलीस, तर हाती उरतं ते अर्धंमुर्धं चरित्र.

तू सुरुवात ‘स्त्रीधर्मनीती’पासून केलीस. खरं सांगू? १८८२ चं ते पुस्तक मला रटाळ वाटतं. संस्कृतप्रचुर, उपदेशी, बायकांनाच चार गोष्टी सुनावणारं. त्याच्या विक्रीच्या पैशांतून विलायतेच्या प्रवासाला हातभार लागला, हे त्याचं मोठं पुण्य. सुरुवात करायचीच तर कलकत्त्यापासून कर. १८७८ मध्ये तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. भागवत मुखोद्गत असलेली वीस वर्षांची मुलगी. पण वेद वाचलेस का, असं ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेनांनी विचारल्यावर ती म्हणाली, बायकांना तो अधिकार नाही. तेव्हा सेनांनी वेदाची एक प्रत तिच्या हातात ठेवली. वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. पण वेदांच्या उंबऱ्याशी तेही थांबले होते. हा प्रसंग रमाबाईंनी सांगितला तो १९०७ च्या आपल्या साक्षीत, म्हणजे तू ‘धर्मप्रचार’ म्हणून बाजूला ठेवलेल्या पुस्तकात.

त्याच पुस्तकात आईवडिलांचं मरण आहे. दुष्काळात पोटात अन्न नसताना हे कुटुंब तीर्थांत स्नानं करत, देवांना विनवत, उरलासुरला पैसा दान करत हिंडत होतं. ज्या श्रद्धेने आईवडिलांचा जीव घेतला, ती जवळून पाहिलेल्या बाईने पुढे श्रद्धाच सोडून दिली असती तर नवल नव्हतं. तिने श्रद्धा सोडली नाही, मधल्या माणसांना हटवलं. तिच्या सगळ्या पुस्तकांतला धागा मला इथे सापडतो: ईश्वर आणि मी, मध्ये कुणाचा अधिकार नको.

हा धागा हिंदू भटजींपुरताच होता असं समजू नकोस. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, आणि थोड्याच काळात धर्ममाता सिस्टर जेराल्डिनशी वाद सुरू झाले. त्रैक्याचा सिद्धान्त मला शास्त्रात दाखवा, रमाबाई म्हणाल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृतापेक्षा लॅटिन पवित्र कधीपासून झालं, म्हणाल्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना रमाबाईंनी पुरुषांना शिकवू नये असं हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत पडलं, तेही त्यांना सहन झालं नाही. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने उतरवलं, आता दुसरं मानेवर घेणार नाही, अशा आशयाचं त्यांनी पत्रात साफ लिहून टाकलं. परक्या देशात, यजमानांच्या घरी राहून, कडेवर लहानगी लेक मनोरमा असताना! मला ही पत्रं ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’पेक्षा काकणभर सरस वाटतात. १८८७ चं ते पुस्तक अमेरिकी वाचकाचं मन आणि खिसा हलवण्यासाठी बेतलेलं होतं. त्याचं काम त्याने चोख केलं आणि विधवांसाठीच्या शारदा सदनाला पैसा उभा राहिला.

आता ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. तू त्याला प्रवासवर्णन म्हणून निकालात काढलंस, ते चुकलं. अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेवर खूश असलेली ही बाई गुलामगिरी, वर्णद्वेष आणि तिथल्या मूळ रहिवाशांची परवड लपवत नाही. स्वातंत्र्याचं कौतुक करताना ते कुणाला मिळालं नाही हे विचारायचं भान तिला आहे. ते पुस्तक पुन्हा वाच.

तुझ्या मसुद्यात एक प्रश्न मात्र योग्य आहे, तो पुरता विचार. १८९३ मध्ये सदनातल्या मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून ओरड झाली, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मी कुणाला बोलावत नाही आणि माझं दारही लावून घेत नाही, ही बाईंची बाजू मला पटते. पण केडगावच्या मुक्तिसदनाचं काय? १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या अनाथ पोरी, अन्न देणारी एकच जागा आणि तिथे एकच धर्म. स्वतःसाठी मागितलेली निवड त्या पोरींना कितपत होती? रमाबाईंचं नंतरचं लेखन या प्रश्नाला भिडत नाही. तिथे त्या कमी पडल्या असं माझं मत आहे, आणि त्यांच्या प्रेमापोटी ते झाकू नये.

तरी शेवटचं काम बघ. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकहाती अख्खं बायबल मराठीत आणलं. संस्कृत पंडिता असून भाषा मुद्दाम साधी ठेवली, खेड्यातल्या बाईला कळेल अशी. मुक्तिसदनातल्या बायकांनीच खिळे जुळवले, छापलं. लेक १९२१ मध्ये गेली, त्या स्वतः ५ एप्रिल १९२२ ला. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार नाही असं जिला सांगितलं होतं, तिने हे केलं. याला तू ‘उत्तरायुष्यातली माघार’ लिहिलं आहेस. तो शब्द आधी खोड.

कप्पे मोड, साक्ष आणि अमेरिकेचं पुस्तक लागोपाठ वाच, आणि केडगावच्या पोरींचा प्रश्न गाळू नकोस, उत्तर बाईंच्या विरुद्ध गेलं तरी. दिवाळी अंकाला धाडण्याआधी मसुदा मला दाखव.

तुझी,
मावशी