मांड

घोडेस्वारांच्या भाषेत 'मांड' या शब्दाला मोठा मान आहे. मांड म्हणजे स्वाराची बैठक. नवशिक्याला वाटते, लगाम घट्ट धरला की माणूस पडत नाही. प्रत्यक्षात हात जितका ताठर, तितके जनावर अधिक बिथरते. तोल राहतो तो मांड्यांच्या आणि कमरेच्या लवचिकपणावर. घोड्याची पाठ हलेल तसे आपणही हलावे लागते. तीन दशकांहून अधिक काळाच्या संसारात आम्हा उभयतांना हाच धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

घोडे आमच्या घरी मिशनच्या वाटेने आले. आमच्यापैकी एकाचे आजोबा नगर जिल्ह्यात मिशनच्या फादरांच्या घोड्याचे मोतद्दार होते. खरारा, चंदी, तंग, रिकीब हे शब्द घरात प्रार्थनेच्या शब्दांइतकेच जुने. पुढे परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आमची भेट झाली आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या अश्वपथकात आम्ही दोघेही स्वारी शिकलो. घोड्यावर डावीकडूनच चढायचे, कारण पूर्वी स्वाराची तलवार डाव्या कमरेला लटके, हे तिथेच कळले.

विवाहानंतर नोकरीच्या गावी, 1991 साली, मेंढरे घेऊन निघालेल्या एका धनगर कुटुंबाकडून आम्ही पाच वर्षांची भीमथडी घोडी घेतली. मराठ्यांच्या फौजेने नावाजलेली हीच जात आज धनगरांचे बिऱ्हाड पाठीवर वाहते. उंचीने बेताची, पण पायाने खंबीर. आईंना हे मुळीच पटले नाही. दोन वर्षांनी मुलगा झाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "लेकरू पाळण्यात अन् आई घोड्यावर! लोकांनी काय म्हणावं?"

1997 च्या हिवाळ्यात ज्वारीच्या शेतातून एकाएकी तितर उडाले, घोडी बुजली आणि आमच्यापैकी एकीच्या खांद्याचे हाड मोडले. मुलगा चार वर्षांचा होता. आईंनी निर्वाणीचे सांगितले, "घोडी विका, नाहीतर मला गावी पोचवा." वरातीसाठी घोडे पुरवणारा एक गृहस्थ विसार घेऊन आलाही. त्या रात्री आमच्यात जे कठोर शब्द झाले, ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. एकाला भीती वाटत होती आणि तो तिला जबाबदारी म्हणत होता. दुसरीला हट्ट होता आणि ती त्याला निष्ठा म्हणत होती. पहाटे दोघांनीही ते कबूल केले. विसार परत गेला, आणि आईंच्या समाधानासाठी स्वारीही थांबली. दोन वर्षे आम्ही घोडीला फक्त चारले, फिरवले आणि तिचे खूर तासले.

पुढे एका तपसाधनेत फादरांनी संत इग्नाती लोयोलांची कथा सांगितली. 1522 साली माँतसेरातच्या वाटेवर एका मूर प्रवाशाने पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी शंका घेतली. तो पुढे निघून गेल्यावर इग्नातींच्या मनात त्याला खंजिराने भोसकण्याचा विचार आला. निर्णय होईना, म्हणून त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला. मूर गेला होता ती गावाची वाट रुंद व सोपी होती, तरी खेचराने दुसरी वाट धरली. पशुवैद्य म्हणून खेचराच्या विवेकाविषयी आम्ही काही बोलणार नाही. आमच्या मनात राहिला तो सैल सोडलेला लगाम. त्या रात्री आम्ही दोघांनीही आपापला लगाम किती घट्ट आवळला होता!

त्याच वर्षी ईस्टरनंतर स्वारी पुन्हा सुरू झाली, पण कदम चालीने. आई दारात उभ्या राहून पाहत होत्या. बोलल्या काहीच नाहीत.

2005 मध्ये आईंना अर्धांगवायूचा झटका आला. मग पहाटेचा अर्धा तास तेवढा उरला. एकाने बिछान्याशी बसायचे, दुसऱ्याने खोगीर चढवायचे. आता सोडून द्यावे असे आम्ही ठरवतच होतो. तोच एके दिवशी आई अडखळत म्हणाल्या, "आज कोणाची पाळी? जा. माझ्यापायी तिला बांधून ठेवू नका." ज्यांनी घोडी विकायला सांगितली होती, त्यांनीच पुढची तीन वर्षे आम्हाला रोज घराबाहेर पाठवले. 2008 साली त्या प्रभूघरी गेल्या.

घोडी 2014 मध्ये पोटशुळाने गेली. घोड्याला वांती होत नाही. आतड्यात अडलेले वर येऊ शकत नाही. दोन पशुवैद्य रात्रभर तिच्या उशाशी होते, तरी उपाय चालला नाही. आता तिची शिंगरू असलेली घोडी आमच्याजवळ आहे. तिलाही विशी उलटली आहे. आमचे गुडघे कुरकुरतात, म्हणून अंगणातील ओट्यावरून चढतो. दुडकी केव्हाच सुटली, चौखूर धावणे तर आठवणीतच राहिले.

लोक विचारतात, या वयात अजून स्वारी? आम्ही म्हणतो, तीच स्वारी कुठे राहिली आहे? तरुणपणीची निराळी, आईंच्या आजारातली निराळी, आजची निराळी. प्रत्येक वेळी जुनी बैठक सोडली, म्हणूनच मांड टिकली. अखेरचे उतरणेही असेच सहज घडावे, लगाम प्रभूच्या हाती देऊन, एवढीच प्रार्थना.