उंबरठ्यावरचा खाऊ

प्रत्येक सणाला स्वतःचा एक वास असतो. आपल्या दिवाळीला उटण्याचा, तळणीचा आणि फटाक्यांच्या दारूचा. हॅलोवीनला कसला वास असतो असे कोणी मला विचारलेच, तर मी सांगेन, दालचिनीचा आणि करपलेल्या भोपळ्याचा. भोपळा कोरून आत मेणबत्ती लावली की तिच्या ज्योतीने वरचे झाकण आतून भाजत राहते, आणि पायरीपाशी उभे राहिले तरी घरात भाजी लागली की काय असे वाटून पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात.

हा सण मुळात गेलेल्या माणसांचा. आयर्लंडमधल्या जुन्या लोकांचा हिवाळ्याच्या आरंभाचा सण आणि ख्रिस्ती धर्मातला १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस यांची सांगड पडून ३१ ऑक्टोबरची ही रात्र घडली. २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा दिवस. इंग्लंडात त्या सुमारास गोरगरीब आणि मुले दारोदार जात, त्या घरच्या मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करीत, आणि घरची बाई त्यांच्या हातावर मसाला घातलेली छोटी गोड पोळी ठेवी. तिचे नावच मुळी आत्म्याची पोळी! आयर्लंडात सलगमाचा कंद कोरून दिवा करीत. तिथली माणसे अमेरिकेत आली आणि त्यांच्या हाती भोपळा लागला. सोंगे घेऊन दारोदार जाण्याची प्रथा अमेरिकेत बोकाळली ती मात्र अलीकडे. दुसऱ्या महायुद्धात तिथेही साखरेवर नियंत्रण होते, १९४२ पासून १९४७ पर्यंत. ते उठले आणि ‘ट्रिक ऑर ट्रीट’ ही आरोळी, म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी काढतो ही गोड धमकी, गल्लोगल्ली ऐकू येऊ लागली.

२०२४ साली अमेरिकेत लक्ष्मीपूजन नेमके ३१ ऑक्टोबरलाच आले. त्या वेळी मी न्यू जर्सीला लेकीकडे होते. एकाच ओट्यावर एकीकडे चकलीचा सोऱ्या आणि दुसरीकडे कोरायला काढलेला भोपळा, असा थाट होता. आठ वर्षांच्या नातीने मला आधीच बजावून ठेवले होते, “आजी, फराळ तुझा, पण हॅलोवीनचं माझं. तू मदतनीस.” मदतनिसाची जागा मी आनंदाने पत्करली.

तिचे सगळेच पदार्थ सोपे होते. पहिला मान भोपळ्याच्या बियांचा. पोटातून काढलेल्या बिया धुऊन, फडक्यावर कोरड्या करून, त्यांना थोडे तेल, मीठ आणि तिखट चोळायचे आणि भट्टीत साडेतीनशे अंश फॅरनहाइटवर वीसेक मिनिटे ठेवायच्या. मधून एकदा हलवल्या की झाले. भट्टी नसेल त्यांनी लोखंडी तव्यावर मंद भाजाव्यात, चवीत काडीचा फरक पडत नाही.

दुसरा पदार्थ मक्याच्या लाह्यांचे लाडू. अर्धी वाटी दाण्यांच्या पातेलेभर लाह्या होतात. तिथली माणसे साखरेचा आणि मक्याच्या सिरपाचा पाक करतात. आम्ही वाटीभर चिरलेला गूळ घेतला, दोन चमचे पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. पाक कुठवर आणायचा ते सांगायला तिच्या आईने एक तापमापक आणून दिला. अडीचशे अंश फॅरनहाइट झाले की उतरवायचा. मी थंड पाण्याच्या वाटीत एक थेंब टाकला, बोटांनी गोळा केला आणि म्हटले, “झाला गोळीबंद.” तापमापकही तेच म्हणत होता. गंमत अशी की इंग्रजीत या पाकाला गोळीचाच पाक म्हणतात; मऊ गोळी, घट्ट गोळी, कडक गोळी अशा त्यांच्या पायऱ्या आहेत. सातासमुद्रांपलीकडच्या कोण्या सुगरणीनेही पाण्यात थेंब टाकूनच पाहिले असणार! पाक लाह्यांवर ओतून, उलथन्याने हलवून, जरा निवू द्यायचा आणि हाताला लोणी लावून लाडू वळायचे. गरम पाकाशी मुलांना मात्र जाऊ देऊ नये. “हे तर राजगिऱ्याच्या लाडवासारखंच आहे!” नात म्हणाली.

तिसरे, काडीला टोचलेली सफरचंदे. लहान, टणक, आंबटसर फळे गरम पाण्यात बुडवून वरचे मेण पुसून काढायचे आणि साखर, लोणी नि साय आटवून केलेल्या तपकिरी पाकात घोळवायची. ती केल्या दिवशीच खावीत, उरलीच तर फ्रिजमध्ये ठेवावीत. काडीच्या भोकातून रस वर येतो आणि पाकाखालच्या ओलाव्यात रोगजंतू वाढू शकतात.

पेये दोन होती. एक गरम. सफरचंदाचा न गाळलेला रस आठ कप, दालचिनीच्या दोन काड्या, सात-आठ लवंगा आणि संत्र्याची साल, हे मंद आचेवर वीस मिनिटे उकळायचे. साखर लागत नाही. आपल्या काढ्याचा हा श्रीमंत घरी दिलेला भाऊच म्हणायचा! दुसरे गार. संत्र्याच्या रसात आल्याचे सोड्याचे पेय निम्मे निम्मे मिसळायचे आणि त्यात सोडायचा बर्फाचा हात. स्वच्छ धुतलेल्या रबरी मोज्यात पाणी भरून, गाठ मारून, रात्रभर गोठवले की हा हात तयार होतो. मोजा कापून सोलून काढायचा. पांढरा पंजा त्या नारिंगी पाण्यात तरंगताना पाहून माझे जावईही क्षणभर दचकले.

माझ्याकडून मी एकाच पदार्थाची भर घातली, घारग्यांची. कोरायचा भोपळा मोठा, पाणचट आणि दोऱ्यांचा. खायचा लहान, घट्ट गराचा. त्याचा कीस गुळात शिजवून, मावेल तेवढी कणीक, वेलची आणि मीठ घालून जाडसर पुऱ्या थापल्या. नातीने बाटलीच्या बुचाने त्यांना डोळे पाडले, सुरीने तोंडे कापली. तळणीत घारगे फुगले नाहीत, पण हसले.

संध्याकाळी पूजा आटोपून मी लाडवांचे ताट दाराशी आणले. तेव्हा लेक हळूच म्हणाली, “आई, हे दारात नाही वाटायचं. घरचं केलेलं कोणी घेत नाही.” दारात वाटायला तिने कारखान्यातल्या बंद वेष्टनांतल्या गोळ्या-चॉकलेटांची टोपली भरून ठेवली होती.

यामागची कथा मोठी चमत्कारिक आहे. १९७४ साली टेक्सासमध्ये एका बापाने विम्याच्या पैशांसाठी स्वतःच्याच आठ वर्षांच्या मुलाला हॅलोवीनच्या गोळीतून विष घातले. १९८२ च्या शरदात शिकागोच्या परिसरात दुकानांतल्या वेदनाशामक गोळ्यांत कोणी विष मिसळले आणि सात माणसे दगावली. हॅलोवीन चार आठवड्यांवर होता. आधीच धुमसणारी भीती देशभर पसरली. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या बातम्या वर्षानुवर्षे तपासल्या. अनोळखी माणसाने दारात वाटलेल्या खाऊतून मुलाचा जीव घेतल्याचे एकही सिद्ध उदाहरण त्यांना आढळले नाही. उलट २०१४ साली १२ राज्यांत ३५ माणसे आजारी पडली, ती कारखान्यात बांधलेल्या, बंद वेष्टनातल्या कॅरमलच्या सफरचंदांनी. पण भीतीला हिशेब कुठे कळतो? वेष्टन हे निर्धास्तपणाचे चिन्ह ठरले आणि आजीचा हात संशयाचे.

मी त्या आयांना नावे ठेवणार नाही. माझी नात तिसऱ्या गल्लीतल्या अनोळखी घरून उघडा लाडू घेऊन आली असती, तर मीही तो तिच्या तोंडाजवळून काढून घेतला असता.

मुले येत राहिली. भुते आली, चेटकिणी आल्या, एक इवलासा वाघ बापाच्या खांद्यावर झोपूनच आला. टोपली रिकामी होत गेली आणि ताट भरलेलेच राहिले. गर्दी ओसरल्यावर मी ते ताट घेऊन समोरच्या घरी गेले. तिथे ऐंशी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहतात. मुक्कामाच्या दोन महिन्यांत पानांचे ढीग लोटताना आमचे रोज चार शब्द होत. त्यांनी लाह्यांचा लाडू ओळखला, आणि घरात न जाता उंबरठ्यावरच खायला सुरुवात केली. त्यांची आई मेणकागदात गुंडाळून असेच लाडू वाटीत असे. कोणत्या घरी काय मिळते हे गावातल्या मुलांना पाठ असे. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, पुढे माझी मुले लहान होती तेव्हा त्यांच्या पिशवीतला घरचा खाऊ मीच निवडून केराच्या डब्यात टाकीत असे. तो कोणी केला ते मला ठाऊक नसायचे.

त्यांच्या त्या शेवटच्या वाक्यात मला सारे काही मिळाले. पुण्यात माझ्या लहानपणी वाड्यात फराळाची ताटे फिरत. विणलेल्या रुमालाखाली काय आहे हे रुमाल पाहूनच कळे. मागच्या काकूंची चकली कडक, माडीवरच्या आजींच्या अनारशाला जाळी अशी की पाहत राहावे. नावे ठेवीत ठेवीत आम्ही सगळे खात असू, कारण करणारा हात ओळखीचा होता. आज आमच्या इमारतीतही दिवाळीला दुकानातले पुठ्ठ्याचे डबे येतात आणि बरेचसे पहारेकऱ्याच्या टेबलावरच हातपालट करतात. इथे कोणी विषाला भ्यालेले नाही. वर-खाली कोण राहते तेच ठाऊक नाही, एवढेच.

म्हणून वर सांगितलेले पदार्थ अवश्य करून पाहा. त्यांत अवघड असे काही नाही. लाह्यांचे लाडू तर अर्ध्या तासात होतात. ते ज्याच्या हातावर ठेवायचे, त्याच्याशी मात्र वर्षभर येता-जाता चार शब्द बोलावे लागतात. ती तयारी ऐन आश्विनात सुरू करून भागत नाही.