जुन्या दारापाशी

2024 च्या नोव्हेंबरअखेरीस आईला घेऊन मुंबईहून दिल्लीला जाण्याचा योग आला. तिकिटे श्रावणात काढली होती, ती विस्तारा कंपनीची. प्रवासाचा दिवस उजाडला तेव्हा त्या नावाची कंपनी उरली नव्हती. 12 नोव्हेंबरपासून ती एअर इंडियात विलीन झाली होती. विमानाच्या क्रमांकामागची ‘यूके’ ही अक्षरे जाऊन ‘एआय’ आली आणि अंकांच्या आरंभी एक ‘दोन’ वाढला. 955 चे 2955 झाले. आईने जैन भोजनाची नोंद केलेली, आणि तिचा चौविहार. त्यामुळे ‘नव्या खात्यात आपली नोंद गेली असेल ना?’ हा तिचा प्रश्न सांगलीपासून मुंबईपर्यंत सोबत होता.

मुंबईच्या दुसऱ्या टर्मिनलच्या चौथ्या मजल्यावर आम्ही पोहोचलो. दोन्ही कंपन्यांची विमाने पूर्वीही याच टर्मिनलमधून सुटत, म्हणून मी निर्धास्त होतो. आई मात्र सवयीने पूर्वीच्याच जागेकडे चालू लागली आणि थबकली. “अरे, ते जांभळ्या रंगाचे काउंटर कुठे गेले?” जागा होती, पाटी नव्हती. तिथे उभ्या असलेल्या एका तरुणीने आमच्या हातातला कागद पाहिला आणि “आजी, या बाजूने या,” असे म्हणत ती चार पावले आमच्यासोबत आली. जैन भोजनाची नोंदही नव्या क्रमांकावर शाबूत होती. आईचा जीव भांड्यात पडला.

ही अदलाबदल वरवर सोपी दिसते. अनेक मोठ्या विमानतळांवर तपासणीचे काउंटर विमान कंपनीच्या मालकीचे नसतात. विमानतळाचे चालक ते नेमून देतात, तिथली संगणकयंत्रणाही सामायिक असते. पडद्यावर ज्याचे नाव उमटेल, त्याचे ते काउंटर. त्यामुळे नाव एका रात्रीत पालटू शकते. पण सामानाचे पट्टे, प्रतीक्षालये, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, रस्त्यावरचे फलक आणि टॅक्सीवाल्यांच्या तोंडची नावे यांची घडी नव्याने बसवावी लागते. दोन कंपन्यांचा कारभार दोन वेगळ्या इमारतींत विखुरलेला असेल, तर तो एका छपराखाली आणण्याची निकड भासते; नाहीतर एकाच कंपनीचे विमान बदलणाऱ्या प्रवाशाला सामान घेऊन या इमारतीतून त्या इमारतीत धावावे लागते. अमेरिकेत 2008 मध्ये डेल्टा आणि नॉर्थवेस्ट, 2010 मध्ये युनायटेड आणि कॉन्टिनेन्टल, 2013 मध्ये अमेरिकन आणि यूएस एअरवेज एकत्र आल्या. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहिला.

आपल्याकडेही हे नवे नाही. 1953 मध्ये देशांतर्गत सेवा देणाऱ्या आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. 2007 मध्ये तीही एअर इंडियात मिसळली. त्याच वर्षी जेटने सहारा विकत घेतली आणि किंगफिशरने डेक्कनमध्ये पाय रोवला. पुढे 2012 मध्ये किंगफिशरची आणि 2019 मध्ये जेटची उड्डाणे थांबली. एअर इंडिया 2022 च्या जानेवारीत पुन्हा टाटा समूहाकडे आली. प्रतीक्षाकक्षात बसून हा हिशेब मनाशी मांडताना उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही आपल्या तत्त्वार्थसूत्रातील त्रयी आठवली. एक नाव लोपले, दुसरे आले, हे डोळ्यांना दिसले. पण या साऱ्यात टिकून राहिले ते काय?

त्या विचारासरशी मला आमचे सांगलीचे मार्केट यार्ड आठवले. पंधरा वर्षांपूर्वी काकांची हळदीची अडत पेढी आणि आमची पेढी आम्ही एक केली. दोन्ही दुकाने एकाच यार्डात, मध्ये जेमतेम एक गल्ली. दिवाळी पाडव्याला नव्या वहीचे पूजन झाले, पाटी बदलली, काकांच्या दुकानाचे शटर खाली आले. माझ्या लेखी विलीनीकरण त्याच दिवशी पूर्ण झाले. काकांच्या जुन्या दिवाणजींना आमच्याकडे मी मागच्या बाजूचे टेबल दिले. चाळीस वर्षे गादीवर बसलेला माणूस मुकाट्याने तिथे बसला.

त्या हंगामात दिवाणजी रोज सकाळी तासभर उशिरा येत. मी त्यांना एकदा चारचौघांत टोकलेही. ते काही बोलले नाहीत. पुष्कळ दिवसांनी हमालांकडून कळले की, ते त्या बंद शटरपाशी उभे राहत आणि गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला हाताला धरून गल्लीपलीकडे आमच्या दुकानापर्यंत आणून सोडत. हे कळल्यावरही मी ‘चांगले केले’ एवढेच म्हणालो होतो. विमानतळावर ती मुलगी आईबरोबर चार पावले चालली, तेव्हा मला त्या उशिराचे मोल कळले. बंद दारापाशी कोणी भेटले नसते, तर तो शेतकरी शेजारच्या अडत्याकडे गेला असता आणि आमची दोन पिढ्यांची पत तिथेच सांडली असती. काकांची खाती मी खरेदी केली असे समजत होतो; ती दिवाणजींनी एकेक करून चालवत आणली होती.

परतल्यावर दिवाणजींच्या घरी गेलो. आता ते घरीच असतात. “तुम्ही किती दिवस तिथे उभे राहत होता?” मी विचारले.

“हळदीचा हंगाम संपेपर्यंत,” ते म्हणाले. “शेटजी, शेतकरी पाटी वाचून येत नाही. माणूस बघून येतो.”

दरवर्षी क्षमावणीला आमच्या पेढीवरून सर्वांना एकच छापील पत्र जाते, दिवाणजींनाही जाते. त्या दिवशी मात्र क्षमा नेमकी कशाची मागायची, हे मला ठाऊक होते. ती मी त्यांच्यासमोर बसून मागितली.